खड्ड्यात टायर-रिम गेले, काउन्सिलकडून भरपाई कशी मागायची? (इंग्लंड)

सायीचा_डबा

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. २७ फेब्रुवारीला संध्याकाळी, अंधारात आणि पावसात, बी-रोडवर (दुय्यम रस्त्यावर) पुढचं डावं चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळलं. ताशी ३० मैलांची वेगमर्यादा आहे, रस्त्यावरून बस जाते. टायरला कडेने फुगा आला, अलॉय रिमची कड वाकली. गॅरेजमध्ये गाडी वर घेतली तेव्हा त्याच चाकाची स्प्रिंगही तुटलेली निघाली. अंदाजपत्रक असं: टायर १३२, रिम सरळ करणं ९०, स्प्रिंग १६५, अलाइनमेंट ६०, एकूण ४४७ पौंड. इन्शुरन्स काँप्रिहेन्सिव्ह आहे, पण एक्सेस (क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम) ३५० चा.

१) काउन्सिलकडे क्लेम करण्यात अर्थ आहे का? ऑफिसात सगळे म्हणतात, सरसकट नाकारतात.
२) फॉर्ममध्ये एमओटी (गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला), व्ही५सी (नोंदणीपत्र), इन्शुरन्स सर्टिफिकेट मागितलंय. ते कशाला?
३) काउन्सिलचा माणूस पाहून जाईपर्यंत दुरुस्ती थांबवायची का?

---

हमरस्ता

आधी रस्ता कोणाचा ते पक्कं करा. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन थरांच्या भागात रस्ते काउंटी काउन्सिलकडे असतात, तुमचा कचरा उचलणाऱ्या डिस्ट्रिक्टकडे नाही. हर्टफर्डशर, केंट, एसेक्स सध्या असेच आहेत. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी एकच काउन्सिल. लंडनमध्ये लाल रेघांचे मोठे रस्ते टीएफएलचे (ट्रान्सपोर्ट फॉर लंडन), बाकीचे बरोचे (तिथली स्थानिक काउन्सिल). मोटरवे आणि मोठे ट्रंक ए-रोड नॅशनल हायवेजचे. सुपरमार्केटचं पार्किंग किंवा काउन्सिलने ताब्यात न घेतलेला वसाहतीतला रस्ता असेल तर जागेच्या मालकाशी गाठ. चुकीच्या दारात अर्ज टाकला की महिनाभराने ‘आमचा नाही’ एवढंच उत्तर येतं, आणि तोवर खड्डा बुजवून झालेला असतो.

आता कायदा. हायवेज ॲक्ट १९८० चं कलम ४१ रस्ता नीट राखण्याची जबाबदारी हायवे ऑथॉरिटीवर टाकतं. तुम्ही तीन गोष्टी दाखवायच्या: त्या जागी रस्ता धोकादायक होता, तो देखभाल न झाल्यामुळे तसा झाला, आणि नुकसान त्यामुळेच झालं. एवढं झालं की पुढचं ओझं काउन्सिलवर. ती कलम ५८ पुढे करते. म्हणजे, त्या परिस्थितीत जेवढी वाजवी काळजी घ्यायला हवी तेवढी आम्ही घेतली होती. हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिची, तुमची नाही. नकाराच्या पत्रात मात्र भाषा अशी असते की जणू तुम्हीच काहीतरी सिद्ध करायचं राहिलंय. त्याने बिचकू नका.

कलम ५८ मध्ये कोर्टाने काय पाहायचं तेही दिलंय: रस्ता कोणत्या प्रकारचा आणि त्यावर वाहतूक कशी, अशा रस्त्याला कोणत्या दर्जाची देखभाल साजेशी, शहाण्या माणसाने तो कोणत्या स्थितीत असावा अशी अपेक्षा धरावी, काउन्सिलला दोष माहीत होता का किंवा माहीत असायला हवा होता का, आणि दुरुस्ती शक्य नव्हती तर धोक्याची पाटी लावली होती का.

म्हणून खड्डा केवढा मोठा होता यावर क्लेम फारसा ठरत नाही. काउन्सिलने शेवटचं कधी पाहिलं, काय पाहिलं, कोणी कळवलं होतं आणि कळल्यावर किती दिवसांत माणूस पाठवला, यावर ठरतो. महिन्याला एकदा पाहणी होणाऱ्या रस्त्यावर पाहणीनंतर आठवड्याने खड्डा पडला, कुणीच कळवलं नाही आणि दुसऱ्या दिवशी तुमची गाडी त्यात गेली, तर भोक बादलीएवढं असलं तरी क्लेम बहुतेक पडतो. उलट, तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी तक्रार केली होती आणि काउन्सिलने कानाडोळा केला, तर तुमची बाजू भक्कम.

खोलीचा आकडा कायद्यात नाही. २०१६ च्या ‘वेल-मॅनेज्ड हायवे इन्फ्रास्ट्रक्चर’ या कोडनंतर प्रत्येक काउन्सिल जोखीम पाहून स्वतःचे निकष ठरवते. बऱ्याच ठिकाणी गाडीरस्त्याला ४० मिमी आणि फुटपाथला २० मिमी असं दिसतं, पण तुमच्या काउन्सिलची ‘हायवे सेफ्टी इन्स्पेक्शन पॉलिसी’ तिच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं असेल.

ताबडतोब करायचं ते एवढंच: उद्या उजेडात, पाणी ओसरल्यावर फोटो. एक लांबून, ज्यात घर किंवा दुकान, दिव्याचा खांब आणि खड्डा एकत्र दिसतील. एक जवळून, खड्ड्यात उभी धरलेली पट्टी आणि काठावर आडवी ठेवलेली काठी, म्हणजे खोली वाचता येते. एक रुंदीचा, टेप लावून. दिव्याच्या खांबावर नंबर असतो, तो टिपून घ्या; काउन्सिलची माणसं जागा त्या नंबराने ओळखतात. रहदारी असेल तर रस्त्यात उतरू नका, फुटपाथवरून झूम करा. मोटरवेवर तर मुळीच नाही. आणि क्रम महत्त्वाचा: आधी फोटो, मग तक्रार. तक्रार नोंदवल्यावर कधीकधी दोन दिवसांत डांबर पडतं. ती दुरुस्ती म्हणजे चुकीची कबुली धरली जात नाही, आणि तुमचा पुरावा मात्र बुजून जातो.

---

पाना_नंबर_१३

कायद्याचं वर आलंच आहे, मी गाडीपुरतं सांगतो.

दुरुस्ती थांबवू नका. काउन्सिलचा माणूस गाडी पाहायला येत नाही. फुगा आलेला टायर म्हणजे आतले धागे तुटलेले. तो चालवणं धोक्याचं आणि एमओटीलाही नापास. फक्त जुना टायर आणि तुटलेली स्प्रिंग गॅरेजमध्ये टाकून देऊ नका. घरी आणा, फोटो काढा, निकाल लागेपर्यंत ठेवा.

बिलावर काय लिहून घ्यायचं ते: गाडीचा नंबर, मायलेज, कोणतं चाक, टायरचा साइज आणि मेक, जुन्या टायरची उरलेली ट्रेड (खाचांची खोली) मिलीमीटरमध्ये, आणि ‘नुकसान धडकेमुळे झाल्यासारखं दिसतं’ अशा अर्थाची एक ओळ. गॅरेजवाला नुसतं ‘टायर बदलला’ लिहून मोकळा होतो. तेवढ्यावर समोरचा म्हणू शकतो की टायर झिजला होता म्हणून बदलला.

ट्रेडचा आकडा का, ते हिशेबात दिसतं. नव्या टायरला साधारण ८ मिमी ट्रेड, कायदेशीर किमान १.६ मिमी. वापरण्याजोगी ६.४ मिमी. तुमच्या टायरला ४ मिमी उरली होती असं धरा, तर वापरायची उरलेली २.४, म्हणजे ३७.५ टक्के. १३२ च्या टायरमागे काउन्सिल सुमारे ४९ पौंड ५० पेन्स देऊ करेल, कारण जुन्याच्या बदल्यात तुम्हाला नवा मिळाला. हे अन्यायकारक वाटतं, पण रीत अशीच आहे. आकडा आधीच असा मांडून मागितलात तर घासाघीस कमी होते. त्याच ॲक्सलवरचा दुसरा टायर गॅरेजने ‘जोडीने बदला’ म्हणून गळ्यात मारला असेल तर त्याचे पैसे विसरा. काही फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना चारही टायर सारखे लागतात. तिथे निर्मात्याचं लेखी म्हणणं जोडावं लागतं.

रिमचं सोपं. सरळ होत असेल तर सरळ करण्याचेच पैसे मागा, नवा अलॉय मागू नका. मात्र आतल्या बाजूला चीर असेल तर रिम बदलावाच लागतो. त्या चिरेचा फोटो टायर काढलेला असतानाच घ्यायचा, टायर चढल्यावर ती दिसत नाही. अलाइनमेंटचं आधीचं आणि नंतरचं प्रिंटआउट मिळतं, ते मागून घ्या. आधीच्या कागदावर पुढचं डावं चाकच हद्दीबाहेर गेलेलं असेल तर खड्ड्याशी सांधा आपोआप जुळतो.

तुमची खरी अडचण स्प्रिंग. इथल्या थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने कॉइल स्प्रिंग खालच्या वेटोळ्यापाशी गंजते आणि एक दिवस तुटते, खड्डा असो वा नसो. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: व्ही५सी गाडी तुमच्या नावावर नोंदलेली आहे हे दाखवायला, आणि एमओटी गाडी रस्त्यावर चालण्याजोगी होती हे दाखवायला. पण एमओटीचा इतिहास नुसत्या गाडीच्या नंबरावर सरकारी वेबसाइटवर कुणालाही दिसतो. क्लेम पाहणारा तो उघडतोच. मागच्या एमओटीत ‘कॉइल स्प्रिंग गंजलेली’ किंवा ‘टायर झिजत आलाय’ अशी ॲडव्हायजरी (नापास न करता दिलेला इशारा) असेल तर ती त्याच्या पत्रात येणार. तुम्ही आधी उघडून पाहा. ॲडव्हायजरी असेल तर स्प्रिंग क्लेममधून गाळलेली बरी. एका लंगड्या मागणीमुळे उरलेल्या खऱ्या मागण्यांवरही संशय येतो. ॲडव्हायजरी नसेल आणि तुटलेली कड चकचकीत, ताजी असेल (जुनी भेग तांबूस-काळी पडते) तर त्या कडेचा जवळून फोटो जोडा आणि पूर्ण मागा.

---

टेम्सकाठी

इन्शुरन्सबद्दल: एक्सेस ३५० म्हणजे कंपनीकडून हातात जेमतेम ९७ येणार, वर नो-क्लेम बोनसला धक्का. खड्ड्याचा क्लेम ‘समोर कुणी पक्ष नाही’ म्हणून तुमच्याच माथी मारला जातो. तेव्हा कंपनीकडून पैसे घेऊ नका, पण पॉलिसी वाचा. बऱ्याच पॉलिसींत कोणतीही घटना कळवण्याची अट असते, क्लेम केला नाही तरी.

मुदतीची घाई नाही. वस्तूच्या नुकसानीला इंग्लंड-वेल्समध्ये ६ वर्षं, शरीराला इजा झाली असेल तर ३ वर्षं. घाई करायची ती पुराव्याची. इजा असेल, विशेषतः सायकलवरून पडणं वगैरे, तर स्वतः फॉर्म भरत बसू नका, वकील गाठा.

अवांतर: खड्डा लांबुळका आणि कडा सरळ कापल्यासारख्या असतील, किंवा झाकणाभोवती खचलेलं असेल, तर तो खड्डा काउन्सिलचा नसून पाणी-गॅस-ब्रॉडबँडवाल्यांच्या खोदकामाचाही असू शकतो. न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स ॲक्ट १९९१ प्रमाणे खणणाऱ्याने रस्ता पूर्ववत करायचा असतो आणि त्याची हमी २ वर्षं, खोल खणलं असेल तर ३ वर्षं. झाकण खचलं असेल तर ते ज्याचं त्याची जबाबदारी. वन डॉट नेटवर्कच्या नकाशावर त्या रस्त्यावरची खोदकामं दिसतात. तसं दिसलं तर दोघांनाही पत्र टाका, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

---

अर्थर्स_सीट

स्कॉटलंडमधून कुणी वाचत असेल तर: वरचं कलम ४१ आणि ५८ आपल्याला लागू नाही. इथे रोड्स (स्कॉटलंड) ॲक्ट १९८४. काउन्सिलचा निष्काळजीपणा आपल्यालाच सिद्ध करावा लागतो, त्यामुळे इथे जास्त कठीण. मुदत नुकसानीला ५ वर्षं. छोटे दावे शेरिफ कोर्टात ‘सिंपल प्रोसिजर’ने, ५,००० पौंडांपर्यंत. माहिती मागवायला स्कॉटलंडचा स्वतःचा एफओआय (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन, म्हणजे माहिती अधिकार) कायदा आहे, २००२ चा. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तर रस्ते काउन्सिलकडे नाहीतच, तिथे डिपार्टमेंट फॉर इन्फ्रास्ट्रक्चरकडे जायचं.

---

सायीचा_डबा

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढले: खोली ६५ मिमी, लांबी साधारण ५५० मिमी. खांबाचा नंबर २३. एमओटीत स्प्रिंगबद्दल काही नाही, टायरची ट्रेड बिलावर ४ मिमी लिहून घेतली. तुटलेली कड चकचकीत आहे.

हमरस्ता, काउन्सिलच्या पाहणी-तक्रारींच्या नोंदी एफओआयने मागवायच्या म्हणतो. ते क्लेमच्या आधी की नंतर? आणि नेमकं काय विचारायचं?

---

हमरस्ता

आधी. दोन्ही एकाच दिवशी टाकले तरी चालेल, पण एफओआयमध्ये ‘माझा क्लेम आहे’ हे लिहू नका. कारण सांगायची सक्ती नाही. वेगळा ईमेल, एफओआयच्या पत्त्यावर, हायवेच्या नव्हे. उत्तराला २० कामाचे दिवस. काही काउन्सिली ‘एन्व्हायर्नमेंटल इन्फर्मेशन रेग्युलेशन्स’खाली उत्तर देतात, मुदत तीच.

विचारायचं ते असं, आणि सगळं त्या रस्त्याच्या ठरावीक तुकड्यापुरतं (‘अमुक रस्ता, अमुक चौक ते तमुक चौक, खांब १५ ते ३०’). अख्खा रस्ता किंवा अख्खं गाव मागितलं तर खर्चाच्या मर्यादेचं कारण सांगून नाकारतात.

– हा रस्ता काउन्सिलच्या हायरार्कीत (रस्त्यांच्या प्रतवारीत) कोणत्या वर्गात आहे आणि पाहणी किती महिन्यांनी ठरलेली आहे
– घटनेआधीच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष पाहण्या कोणत्या तारखांना झाल्या. चालत की गाडीतून. गाडीतून असल्यास गाडीत किती जण आणि वेग किती
– प्रत्येक पाहणीत नोंदवलेले सगळे दोष, दुरुस्तीच्या पातळीखाली म्हणून सोडून दिलेलेसुद्धा, माप आणि फोटोसह
– त्याच काळात लोकांकडून आलेल्या तक्रारी, आल्याची तारीख, दिलेली कॅटेगरी, आणि बंद केल्याची तारीख व शेरा
– त्याच काळातले दुरुस्तीचे वर्क ऑर्डर, काम कधी झालं, तात्पुरतं की कायमचं
– त्या काळात लागू असलेली पॉलिसी (आजची नव्हे)

तिसरा मुद्दा मुद्दाम लिहिला कारण तो न विचारल्यास फक्त ‘दुरुस्तीयोग्य दोष आढळला नाही’ एवढंच मिळतं. २५ किंवा ३० मिमीचा दोष दिसला होता, लिहिला होता आणि सोडून दिला, हे त्या वाक्यात लपून जातं.

दरम्यान फिक्समायस्ट्रीटवर (रस्त्यांच्या तक्रारी नोंदवायची वेबसाइट) त्या जागेच्या जुन्या तक्रारी शोधा. त्या तारखेसकट उघड्यावर असतात, फोटोही असतात. गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या तारखांची चित्रंही पाहा. त्याच जागी आधीची ठिगळं दिसली तर कामाला येतात.

क्लेम फॉर्ममध्ये: कोणत्या दिशेने जात होतात, डाव्या काठापासून चाक किती अंतरावर, वेग किती, पाऊस-अंधार. ‘खड्डा दिसला पण टाळता आला नाही’ असली अघळपघळ वाक्यं नकोत. दिसला नव्हता तर का दिसला नाही ते लिहा: पाण्याने भरलेला, रस्त्याच्या पातळीला. खोटं काही नको, कारण हाच फॉर्म पुढे कोर्टासमोर जातो.

---

पाना_नंबर_१३

+१. आणि गाडीत डॅशकॅम असेल तर क्लिप आजच कार्डावरून उतरवून घ्या, ती आपोआप पुसली जाते.

---

सायीचा_डबा

धागा वर काढतोय. नकार आला आणि एफओआयचं उत्तरही आलं.

नकाराचं पत्र: ‘या रस्त्याची पाहणी दर ६ महिन्यांनी होते. शेवटची पाहणी १४ जानेवारीला झाली, तीत दुरुस्तीयोग्य दोष आढळला नाही. घटनेपूर्वी प्रलंबित तक्रार नव्हती. सबब कलम ५८ प्रमाणे काउन्सिल जबाबदार नाही. देखभालीचं काम कंत्राटदाराकडे आहे, इच्छा असल्यास त्यांच्याशी संपर्क साधावा.’

एफओआय: १४ जानेवारीच्या नोंदीत खांब २३ जवळ ‘खड्डा, ३० मिमी, लक्ष ठेवावे’. पाहणी गाडीतून, एकच माणूस. ६ फेब्रुवारीला लोकांची एक तक्रार, ‘घर नं. ४१ समोर’, ९ तारखेला ‘दोष सापडला नाही’ म्हणून बंद. मागच्या वर्षभरात त्याच जागी दोन वर्क ऑर्डर, दोन्ही ‘तात्पुरती दुरुस्ती’. पॉलिसीत ४० मिमीवर दोष दुरुस्तीयोग्य. बसच्या रस्त्यावर चाकाच्या पट्ट्यात असेल तर ७ दिवस, नाहीतर २८ दिवस.

आता ओंबड्समनकडे (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी पाहणारा लोकपाल) जाऊ का?

---

हमरस्ता

ओंबड्समन नको. लोकल गव्हर्नमेंट ओंबड्समन नुकसानीची जबाबदारी कोणाची हे सहसा ठरवत नाही, ‘त्यासाठी कोर्ट आहे’ म्हणून परत पाठवतो. नाकारलेल्या एफओआयसाठी आयसीओ (माहिती आयुक्तांचं कार्यालय), भरपाईसाठी काउंटी कोर्ट.

पण कोर्टाआधी एक पत्र. तुमच्या हातात आलेले कागद उत्तम आहेत. एकेक घेऊ.

‘प्रलंबित तक्रार नव्हती’ हे शब्द नीट पाहा. तक्रार आली नव्हती असं ते म्हणत नाहीत. आली होती, ती त्यांनी ९ फेब्रुवारीला स्वतः बंद केली, म्हणून २७ तारखेला ‘प्रलंबित’ काहीच नव्हतं. आता घर नं. ४१ आणि खांब २३ यांतलं अंतर मोजा, एका फोटोत दोन्ही येतात का पाहा. तक्रार पाहायला गेलेला माणूस ४१ नंबरच्या समोर उभा राहून काही पावलं पुढचा खड्डा पाहू शकला नसेल, तर तो नीट शोधला नाही एवढाच अर्थ निघतो. १४ जानेवारीला ३० मिमी लिहिलेला खड्डा ९ फेब्रुवारीला ‘सापडत नाही’, मध्ये दुरुस्तीचा वर्क ऑर्डर नाही, आणि २७ ला तो ६५ मिमी. तो स्वतःहून बुजून परत उघडला, असं कुणी म्हणणार नाही.

‘३० मिमी, लक्ष ठेवावे’: काय लक्ष ठेवलं? पुढची पाहणी कधी लावली? ६ महिन्यांचं चक्र धरलं तर पुढची फेरी जुलैत. जानेवारीत उघडलेला पृष्ठभाग, खाली पाणी, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं. अशा वेळी खड्डा आठवड्यांत दुप्पट होतो हे त्यांच्या इंजिनिअरला सांगायची गरज नाही. ‘लक्ष ठेवावे’ लिहून काहीच न करणं म्हणजे माहीत असण्याचा लेखी पुरावा.

दोन तात्पुरत्या दुरुस्त्या: थंड डांबर ओल्या भोकात ओतून फावड्याने चोपलं तर ते वाहतुकीखाली उखडतं. कडा चौकोनी कापून, सुकवून, चिकट थर लावून, गरम मिश्रण दाबून भरलं तर टिकतं. एकाच जागी वर्षात दोनदा तात्पुरती मलमपट्टी झाली असेल, तर कायमची दुरुस्ती का लावली नाही हा प्रश्न पत्रात विचाराच.

पाहणी: एकच माणूस स्वतः गाडी हाकत दोन्ही बाजूंचे खड्डे टिपतो, हे वाजवी आहे का? याचं एक ठोस उत्तर नाही, पण मुद्दा नोंदवून ठेवा. त्याहून जोराचा मुद्दा वर्गीकरणाचा. बस जाते त्या रस्त्याला ६ महिन्यांचं चक्र त्यांच्याच पॉलिसीत बसतं का ते तक्त्यात ताडून पाहा.

आणि दिवसांचा हिशेब सावधपणे मांडा. ६ ते २७ फेब्रुवारी म्हणजे २१ दिवस. २८ दिवसांच्या कॅटेगरीत काउन्सिल मुदतीतच ठरते, ७ दिवसांच्या कॅटेगरीत ती दोन आठवडे उशिरा. म्हणून खड्डा चाकाच्या पट्ट्यात होता हे दाखवणं आलं. काठापासूनचं अंतर फोटोत टेपसह हवं. तो फोटो नसेल आणि खड्डा बुजवला असेल, तर ठिगळ अजून दिसत असेल. त्याचं अंतर मोजा.

कंत्राटदाराचं नाव पुढे करणं ही निव्वळ टोलवाटोलवी. कलम ४१ ची जबाबदारी काउन्सिल दुसऱ्यावर ढकलू शकत नाही. कलम ५८ मध्येच लिहिलंय: लायक माणसाला काम दिलं होतं एवढं सांगून भागत नाही. त्याला योग्य सूचना दिल्या होत्या आणि त्याने त्या पाळल्या, हेही दाखवावं लागतं.

आणि ‘पैसे नाहीत’ असा सूर आला तर विल्किन्सन विरुद्ध सिटी ऑफ यॉर्क काउन्सिल, २०११ चा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल नमूद करा. वर्षातून एकदाच पाहणी होणाऱ्या रस्त्यावर सायकलस्वार पडली होती. निधी कमी, माणसं कमी, हे कलम ५८ खालचं उत्तर होत नाही, असं तिथे ठरलं.

---

टेम्सकाठी

पत्राला ‘लेटर बिफोर क्लेम’ असं शीर्षक द्या, सगळे कागद जोडा, उत्तराला १४ दिवस द्या. रक्कम सुधारून मागा: टायर ४९.५०, रिम ९०, स्प्रिंग १६५, अलाइनमेंट ६०, एकूण ३६४ पौंड ५० पेन्स. काही काउन्सिली याच टप्प्यावर जबाबदारी न मान्य करता पैसे देतात. स्प्रिंग सोडून देण्याची तयारी असेल तर आकडा मनात ठेवा, पत्रात लिहू नका.

उत्तर नाही आलं तर मनी क्लेम ऑनलाइन (कोर्टात दावा टाकायची सरकारी वेबसाइट). १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्स ट्रॅक. ३०० ते ५०० च्या दाव्याला दाखल करायची फी ५० पौंड, सुनावणीची वेगळी. जिंकलात तर दोन्ही परत. उत्पन्न कमी असेल तर ‘हेल्प विथ फीज’ ही फीची सवलत. प्रतिवादीचं नाव काउन्सिलचं पूर्ण अधिकृत नाव हवं, ‘हायवेज डिपार्टमेंट’ नको. काउंटी कोर्ट्स ॲक्ट १९८४ च्या कलम ६९ खाली ८ टक्के व्याज मागता येतं, पण ते अर्जातच लिहावं लागतं, मागाहून नाही.

वकिलाचा खर्च या ट्रॅकवर जिंकणाऱ्यालाही सहसा मिळत नाही, म्हणून काउन्सिलने वकील उभा केला तरी त्याचं बिल तुमच्यावर पडायची भीती कमी, तुम्ही वेडंवाकडं वागला नाहीत तर. हरलात तर फी गेली आणि साक्षीदाराचा प्रवासखर्च किंवा बुडालेला रोज (दिवसाला ९५ पौंडांपर्यंत) द्यावा लागू शकतो. ३६४ साठी एवढा धोका पत्करायचा का हे तुमचं तुम्ही ठरवा. कागद पाहता मी पत्करला असता.

---

कोथरूडकर

हे वाचून हेवा वाटला. आपल्याकडे असं काही आहे का हो?

---

हमरस्ता

गाडीच्या नुकसानीला असा सोपा फॉर्म नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. संदेश पाटील) खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिलाय. रक्कम ठरवायला महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. म्हणजे तिथे अर्ज घेऊन जायचं ते समितीकडे, आणि पोलिसांतली नोंद व हॉस्पिटलचे कागद पहिल्या दिवसापासून नीट असायला हवेत. टायर-रिमचा विषय त्यात नाही.

सायीचा_डबा, एक राहिलं. ६ फेब्रुवारीची तक्रार फिक्समायस्ट्रीटवरून गेली असेल तर तिथला मूळ मजकूर आणि फोटो आताच सेव्ह करा, तारखेसकट. काउन्सिलच्या तक्त्यात ‘घर नं. ४१ समोर’ एवढंच आलंय. तक्रार करणाऱ्याने नकाशावर पिन खांब २३ वरच टोचलेली असू शकते.